नफ्याच्या पत्रकात ‘सर्क्युलर रेफरन्स’चा इशारा कधी येतो, कधी येत नाही, आणि कमिशन शून्य दिसते

उद्यमबागेतला हिशेबनीस, बेळगाव

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत कास्टिंगचे मशीनिंग करणाऱ्या एका लहान कारखान्यात मी हिशेब पाहतो. कीर्द-खतावणी टॅलीवर होते, परंतु दर महिन्याच्या दहा तारखेला मालकांपुढे ठेवायचे नफ्याचे पत्रक मी एक्सेलमध्ये स्वतः करतो, कारण त्यांना ते त्यांच्या जुन्या लाल वहीच्या मांडणीतच हवे असते. गेले पाच-सहा महिने या एका पत्रकाने मला अक्षरशः जेरीस आणले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पत्रकातील जो भाग त्रास देतो तो अवघ्या तीन सेलचा आहे. बी-२० मध्ये व्यवस्थापकांचे कमिशन वजा करण्यापूर्वीचा नफा येतो. बी-२१ मध्ये कमिशन, म्हणजे बी-२२ च्या पाच टक्के. बी-२२ मध्ये उरलेला नफा, म्हणजे बी-२० वजा बी-२१. व्यवस्थापकांशी ठरले आहे तेच मी सूत्रात उतरवले आहे, त्यामुळे त्यात चूक कोठे आहे हे मला समजत नाही. मार्च महिन्यात बी-२० मध्ये ८,४०,००० होते.

काही दिवशी फाइल उघडताच इशारा येतो, की एखादे सूत्र थेट किंवा आडमार्गाने स्वतःच्याच सेलचा आधार घेत आहे आणि त्यामुळे हिशेब चुकू शकतो. मी ‘ओके’ म्हणतो आणि कमिशनच्या जागी शून्य दिसते. दुसऱ्या दिवशी तीच फाइल, त्याच संगणकावर, एकही अक्षर न बदलता उघडली तर इशारा येत नाही आणि कमिशन बरोबर ४०,००० दिसते. एकदा घाईत मी शून्यवाले पत्रकच छापून टेबलावर ठेवले. व्यवस्थापक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आणखी दोन गोष्टी सांगतो. त्यांचा या प्रश्नाशी संबंध आहे की नाही हे आपणच ठरवावे. याच फाइलमधील दुसऱ्या पानावर जनरेटरच्या डिझेलची यादी आहे. तेथे पाच बिलांची बेरीज १८,४५० यायला हवी होती, ती १८,४५,००० दिसली. आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलाने कोठे तरी दोन शून्ये जादा टाकली असावीत असे समजून मी त्याला बोललो, परंतु पाचही बिले पुन्हा ताडून पाहिली तेव्हा नोंदी अचूक होत्या. नफ्याच्या पानावर डिझेलचा आकडा मी टॅलीच्या लेजरमधून हाताने घेतो, म्हणून तेथे गोंधळ पोहोचला नाही.

दुसरी गोष्ट कालची. भंगार विक्रीचे बिल आले नव्हते, म्हणून त्या मुलाने रकमेच्या जागी ‘नंतर भरणे’ असे लिहून ठेवले. साहजिकच नफ्यात ‘हॅश-व्हॅल्यू’ ही त्रुटी आली. मी ते शब्द काढून रक्कम भरली. बी-२० दुरुस्त झाला, पण बी-२१ आणि बी-२२ मध्ये ती त्रुटी ठाण मांडून बसली आहे. फाइल बंद करून उघडली, संगणक बंद करून चालू केला, तरी ती हलत नाही.

बिलांची फाइल वेगळी आहे आणि तिच्यात अडचण नाही. महाराष्ट्रातील शिरोलीच्या ग्राहकाचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू झाला की आयजीएसटी आणि इकडच्या, कर्नाटकातल्या ग्राहकाचा २९ ने सुरू झाला की सीजीएसटी व एसजीएसटी निम्मे-निम्मे, हे तेथे सुरळीत चालते. तेव्हा प्रश्न फक्त नफ्याच्या फाइलचा आहे. हा इशारा कायमचा बंद करण्याची काही सोय आहे का?

संगणक शिकवणीवाला, निपाणी

दादा, आहे की. ‘फाइल’मध्ये जाऊन ‘ऑप्शन्स’ उघडावे, त्यात ‘फॉर्म्युलाज’ निवडावे आणि ‘एनेबल इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन’ या ओळीपुढे बरोबरची खूण करावी. त्याखालील दोन आकडे, म्हणजे कमाल आवर्तने (तेच सूत्र पुन्हा पुन्हा मोजण्याच्या फेऱ्या) १०० आणि कमाल फरक ०.००१, आहेत तसेच राहू द्यावेत. इशारा पुन्हा दिसणार नाही आणि कमिशनही ४०,००० येईल. तंबाखूच्या वखारीतले हिशेबनीस माझ्याकडे हीच तक्रार घेऊन येतात आणि दोन मिनिटांत काम होते.

लेखापरीक्षण कार्यालयातून, टिळकवाडी

वरील उपायाने इशारा बंद होईल हे खरे आहे, तरी तो करू नये असे मी आग्रहाने सांगेन. किंबहुना माझा अंदाज असा आहे की तो उपाय आपल्या कार्यालयात कोणीतरी आधीच केलेला आहे आणि आपण सांगितलेल्या चारही तक्रारी त्यातूनच निघाल्या आहेत.

प्रथम इशारा कधी येतो आणि कधी येत नाही याविषयी. आवर्तनाची ही सोय जरी प्रत्येक फाइलबरोबर साठवली जात असली, तरी एका वेळी उघड्या असलेल्या सर्व फाइलींना ती एकच लागू होते. आणि एक्सेल ती उचलते त्या बैठकीत सर्वांत आधी उघडलेल्या फाइलमधून. म्हणजे सकाळी पहिल्यांदा जी फाइल उघडली तिच्यात ही सोय चालू असेल, तर त्यानंतर उघडलेल्या फाइलींतही ती चालू राहते. पहिल्या फाइलमध्ये ती बंद असेल, तर नंतरच्या फाइलींतही बंद. त्यातून पुढची गंमत अशी, की त्या बैठकीत जी जी फाइल आपण साठवतो तिच्यातही तीच स्थिती नोंदली जाते, त्यामुळे एका फाइलमधली खूण घरातल्या सर्दीसारखी पसरत जाते. तेव्हा कृपया इतकेच सांगा, की ज्या दिवशी इशारा येतो त्या दिवशी आपण आधी कोणती फाइल उघडता, आणि येत नाही त्या दिवशी कोणती?

आता न हलणाऱ्या त्रुटीविषयी. आपल्या रचनेत बी-२१ हा बी-२२ वर अवलंबून आहे आणि बी-२२ हा बी-२१ वर. आवर्तन चालू असताना एक्सेल मागच्या फेरीतील उत्तर घेऊन पुढची फेरी करते. मागच्या फेरीचे उत्तरच जर त्रुटी असेल, तर पाच टक्के कशाचे काढायचे? त्रुटीचे पाच टक्के म्हणजे त्रुटीच. बाहेरून आलेले ‘नंतर भरणे’ आपण काढून टाकले, परंतु तोपर्यंत ते विष आत शिरले होते आणि हे दोन सेल ते एकमेकांना पाजत बसले आहेत. संगणक बंद-चालू करून उपयोग नाही, कारण फाइलमध्ये साठलेले शेवटचे उत्तरही त्रुटीच आहे. उपाय सोपा आहे. बी-२१ मधील सूत्र कागदावर उतरवून घ्यावे, त्या जागी साधा शून्य लिहून एंटर दाबावे, बी-२२ स्वच्छ झाल्याची खात्री करावी आणि मगच सूत्र परत लिहावे. काही जण अशा ठिकाणी इफ-एरर लावून त्रुटीच्या जागी शून्य दाखवतात. ते तर त्याहून वाईट, कारण मग ‘नंतर भरणे’ लिहिलेले कोणाच्या लक्षातही येणार नाही आणि भंगाराचे पैसे न धरताच पत्रक छापून जाईल.

डिझेलच्या बेरजेने मात्र मला सर्वांत अधिक काळजी वाटली. १८,४५० आणि १८,४५,००० यांत दोन शून्यांचा फरक आहे असे आपण म्हणता. मी त्याला बरोबर शंभर पट म्हणेन, आणि शंभर हा आकडा वर निपाणीच्या सरांनी सांगितलेल्या कमाल आवर्तनांचाच आहे. हा योगायोग नसावा. बेरजेच्या सेलवर उभे राहून वरच्या पट्टीतील सूत्र पाहावे. यादी डी-४ ते डी-८ असेल आणि बेरीज डी-९ मध्ये असेल, तर सूत्रात ‘डी-४ ते डी-९’ असे तर लिहिलेले नाही ना? दहा जण नदी ओलांडतात आणि मोजणारा दर वेळी स्वतःला मोजायला विसरतो, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. येथे त्याच्या उलट झाले असावे, की मोजणारा स्वतःलाच पुन्हा पुन्हा मोजतो आहे.

चक्र नेमके कोठे आहे हे शोधण्यासाठी सोय बंद करून घ्यावी, मग ‘फॉर्म्युलाज’ या टॅबवर ‘एरर चेकिंग’च्या शेजारील बाण दाबून ‘सर्क्युलर रेफरन्सेस’वर जावे, तेथे सेलचा पत्ता दिसतो. एक चक्र सोडवले की पुन्हा तेथेच पाहावे, कारण दुसरे असेल तर ते नंतर पुढे येते. खिडकीच्या तळाच्या पट्टीवरही तेच शब्द येतात. शब्दांपुढे पत्ता असेल तर चक्र समोरच्याच पानावर आहे. नुसतेच शब्द असतील तर ते दुसऱ्या एखाद्या पानावर आहे असे समजावे. आणि इशाऱ्याची चौकट पहिल्यांदा येऊन गेल्यानंतर पुढच्या चक्रांना ती बहुतेक वेळा पुन्हा येत नाही, म्हणून चौकट आली नाही याचा अर्थ चक्र नाही असा घेऊ नये.

उद्यमबागेतला हिशेबनीस, बेळगाव

ताई, आपण माझ्या टेबलाशेजारी उभ्या राहून पाहत असल्यासारखे लिहिले आहे.

पगाराच्या दिवशी मी आधी हजेरीची फाइल उघडतो आणि एरवी बिलांची. आज दोन्ही प्रकारे करून पाहिले. हजेरी आधी उघडली तर इशारा नाही, बिले आधी उघडली तर हमखास इशारा. हजेरीच्या फाइलमध्ये ती खूण होती. माझ्याआधी येथे असलेल्या गृहस्थांनी ती केली असावी, कारण त्या फाइलमध्ये मी पगाराच्या आकड्यांपलीकडे कधी काही बदललेले नाही. इतके दिवस मी संगणकाला, विजेच्या लपंडावाला आणि मनातल्या मनात त्या मुलालाही दोष देत होतो.

डिझेलचे सूत्रही तसेच निघाले: डी-४ ते डी-९, आणि बेरीज डी-९ मध्येच. एक बिल कमी करताना ओळ काढली गेली आणि सूत्र पुन्हा ओढताना एक घर खाली सरकले, असे दिसते. विश्वास बसेना, म्हणून मी एका कोऱ्या फाइलमध्ये मुद्दाम खूण करून तीच पाच बिले लिहिली आणि तेच चुकीचे सूत्र घातले. एंटर दाबताच १८,४५,०००. मग एका बिलात १,५०० रुपये वाढवून पाहिले. खरी बेरीज १९,९५० व्हायला हवी, तर सेलमध्ये ३८,४०,००० आले. वहीवर मांडून पाहिले तेव्हा उलगडा झाला: आधीचे १८,४५,००० तसेच धरले गेले आणि त्यांत १९,९५० शंभर वेळा मिळवले गेले. त्या मुलाला बोलावून हे दाखवले आणि मी बोललो ते चुकले असे त्याला सांगितले.

त्रुटीही आपण सांगितल्याप्रमाणे शून्य लिहून घालवली. आता प्रश्न उरतो तो कमिशनचा. डिझेलचे चक्र ही चूक होती, ती काढली. परंतु कमिशनचे चक्र ही चूक नाही, ते ठरलेलेच तसे आहे. सोय बंद ठेवली तर कमिशन शून्य, चालू ठेवली तर ४०,०००. मग फक्त त्या दोन सेलांपुरती ती चालू ठेवता येते का?

लेखापरीक्षण कार्यालयातून, टिळकवाडी

नाही. ती सोय सेलला लागत नाही, उघड्या असलेल्या सगळ्या कारभाराला लागते, आणि हेतुपुरस्सर केलेले चक्र कोणते व हात घसरून झालेले कोणते हे एक्सेलला कळण्याचा मार्ग नाही. आपले कमिशन चालावे म्हणून ती चालू ठेवली, की डिझेलसारखी पुढची चूकही गुपचूप चालून जाईल. कमिशनचे सूत्रच चक्राशिवाय लिहिता येते. ते कसे हे आमच्यापेक्षा शिकवणारी मंडळी अधिक नेटके सांगतील.

निवृत्त वाणिज्य शिक्षक, चिकोडी

आपली चर्चा वाचून फळ्यापुढे उभे राहिल्यासारखे वाटले, कारण संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून हा प्रश्न अंतिम खात्यांच्या धड्यात दोन रूपांत विचारला जात असे: ‘कमिशन वजा करण्यापूर्वीच्या नफ्यावर पाच टक्के’ आणि ‘कमिशन वजा केल्यानंतरच्या नफ्यावर पाच टक्के’. दोन्हींत एका शब्दाचा फरक आहे आणि मुले हमखास तेथेच गुण घालवीत.

आपल्या ताईंनी ज्याला चक्र म्हटले त्याला आमच्याकडे घरगुती भाषेत म्हणतात, की लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. कमिशन काढायला उरलेला नफा हवा, आणि उरलेला नफा काढायला कमिशन हवे. पण हा पेच फक्त वाटतो तसा आहे. उरलेला नफा १०० रुपये धरा. त्यावर कमिशन ५ रुपये. म्हणजे कमिशनापूर्वीचा नफा १०५ रुपये झाला पाहिजे. यात कोठेही फिरून फिरून मोजावे लागले नाही. आपल्याला नेहमी हाती असतो तो १०५ वाला आकडा, म्हणून कमिशन म्हणजे त्याचे १०५ भागांतील ५ भाग. आपल्या मार्चच्या हिशेबात ८,४०,००० गुणिले ५ भागिले १०५, उत्तर ४०,०००. उरले ८,००,००० आणि त्यांचे पाच टक्के ४०,०००, ताळा जुळला.

तेव्हा बी-२१ मध्ये आता बी-२२ चे नावही येऊ देऊ नका. तेथे ‘बी-२० गुणिले ५ भागिले १०५’ इतकेच लिहा. बी-२२ पूर्वीसारखाच बी-२० वजा बी-२१ राहील. रचना सरळ वरून खाली उतरेल, इशारा येण्याचे कारणच उरणार नाही आणि कोणती फाइल आधी उघडली याच्याशीही आपल्याला देणेघेणे राहणार नाही. टक्केवारी पुढेमागे बदलणार असेल तर ती वेगळ्या सेलमध्ये ठेवावी, आणि १०५ च्या जागी ‘१०० अधिक ती टक्केवारी’ असे लिहावे.

आवर्तनाने ४०,००० कसे येत होते हेही पाहण्यासारखे आहे, म्हणून मी कागदावर करून पाहिले. पहिल्या फेरीत कमिशन शून्य धरले जाते, म्हणून उत्तर ४२,०००. दुसऱ्या फेरीत ८,४०,००० मधून ते ४२,००० वजा होऊन ३९,९००. तिसरीत ४०,००५. चौथीत ३९,९९९.७५. पाचवीत ४०,०००.०१२५. लंबकाप्रमाणे एकदा इकडे, एकदा तिकडे होत झोका लहान होत जातो आणि दोन फेऱ्यांमधला फरक ०.००१ पेक्षा कमी झाला की यंत्र थांबते. टक्केवारी लहान असल्याने येथे ते लवकर स्थिरावते. डिझेलच्या बेरजेत झोका लहान होतच नाही, प्रत्येक फेरीत तेवढीच भर पडते, म्हणून यंत्र शंभर फेऱ्या पुऱ्या करूनच थांबले. एकाच सोयीने एका ठिकाणी बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी शंभरपट उत्तर दिले, ते यामुळे.

दोन सूचना. एक, तोट्याच्या महिन्यात हे सूत्र उणे कमिशन दाखवील, म्हणजे व्यवस्थापकांनीच मालकांना पैसे द्यावेत असे! तसे ठरलेले नसेल तर सूत्राभोवती मॅक्स लावून शून्याखाली जाऊ देऊ नये आणि राउंड लावून पूर्ण रुपयात आणावे. दोन, आणि ही अधिक महत्त्वाची: व्यवस्थापकांबरोबरचे मूळ पत्र एकदा काढून वाचा. ‘वजा करण्यापूर्वीच्या’ असे असेल तर कमिशन ४२,००० होते, ‘केल्यानंतरच्या’ असे असेल तर ४०,०००. महिन्याला २,००० रुपयांचा हा फरक एक्सेल सोडवू शकत नाही.

उद्यमबागेतला हिशेबनीस, बेळगाव

सर, आपले सूत्र घातले. आधी बिले उघडली, आधी हजेरी उघडली, नुसती नफ्याची फाइल उघडली. तिन्ही वेळा ४०,००० आणि तिन्ही वेळा शांतता. ‘सर्क्युलर रेफरन्सेस’ची ओळ आता फिकी दिसते, दाबली जात नाही. हजेरीच्या फाइलमधील खूण काढून ती साठवली आणि मग संगणकातल्या इतर अकरा फाइलीही एकेक करून तपासल्या. चार फाइलींत ती खूण सापडली. त्यांतल्या एकीत, जुन्या हत्यारांच्या साठ्याच्या यादीत, असेच आणखी एक बेरजेचे सूत्र स्वतःला मोजत होते. तो आकडा कोणी वापरत नसल्याने आजवर कोणाच्या डोळ्यांवर आला नाही.

पत्राविषयी आपण सुचवले ते फार बरे झाले. आमचे व्यवस्थापक गोकाकचे आहेत आणि त्यांचे नेमणूकपत्र कन्नडमध्ये टाइप केलेले आहे. मला कन्नड बोलता येते, वाचताना मात्र बोट ठेवून वाचावे लागते, म्हणून ते पत्र मी आजवर नीट पाहिलेच नव्हते. ‘पाच टक्के, उरलेल्यावर’ हे मालकांच्या तोंडून ऐकले होते तेवढेच. आज व्यवस्थापकांसमोरच ते उघडले. कमिशन ‘कळेद नंतर’च्या ‘निव्वळ लाभा’वर, असे त्यात आहे. ‘कळेद’ म्हणजे वजा केलेले हे त्यांनी सांगितले. ‘नंतर’ आणि ‘निव्वळ’ हे शब्द दोन्ही भाषांत एकच असल्याने त्यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. तेव्हा ४०,००० च बरोबर.

मागचे छापील कागद काढून पाहिले. सहांपैकी दोन महिन्यांच्या पत्रकांवर कमिशन शून्य छापले गेले होते, म्हणजे व्यवस्थापकांच्या नजरेस एकच आले होते. दोन्ही पत्रके नव्या सूत्राने पुन्हा काढून मालकांची सही घेतली आहे. टॅलीतील नोंदी हाताने केलेल्या असल्याने तेथे रक्कम बरोबर गेली होती, प्रत्यक्ष देण्याघेण्यात फरक पडला नाही. डिझेलच्या यादीत बेरीज आता मी तळाला ठेवत नाही, शीर्षकाच्या वरच्या ओळीत ठेवली आहे. यादी खाली कितीही वाढली तरी बेरजेच्या वाटेत येणार नाही.

एक शेवटची शंका. ‘नंतर भरणे’ असे पुन्हा कोणी लिहू नये यासाठी काही करता येते का? मुलाला सांगितले आहे, पण माणसे बदलतात.

लेखापरीक्षण कार्यालयातून, टिळकवाडी

करता येते. रकमेचा रकाना निवडून ‘डेटा’ टॅबवरील ‘डेटा व्हॅलिडेशन’मध्ये ‘डेसिमल’ निवडावे आणि शून्य किंवा त्याहून अधिक अशी अट घालावी, म्हणजे हाताने अक्षरे लिहिता येणार नाहीत. मात्र दुसरीकडून कॉपी करून चिकटवलेल्या मजकुराला ही अट अडवत नाही, हे ध्यानात असू द्यावे. शेरा लिहिण्यासाठी शेजारी एक वेगळा रकाना द्या. माणसाला लिहायचे असतेच, त्याला जागा दिली नाही तर तो रकमेच्या घरात लिहितो.

आणखी एक लक्षात ठेवा. आपण नफा अधिकच्या चिन्हाने एकेक सेल जोडून काढता, म्हणून त्या दिवशी त्रुटी तरी दिसली. तेथे ‘सम’ असते तर त्याने ‘नंतर भरणे’ हे शब्द मुकाट्याने वगळून बाकीची बेरीज दिली असती. त्यामुळे ‘सम’ वापरायचे असेल तेथे आकडे असलेले सेल मोजणारे ‘काउंट’ शेजारी ठेवावे. बारा रकमा अपेक्षित असताना तेथे अकरा दिसले की शोध घ्यावा.

संगणक शिकवणीवाला, निपाणी

ताई, सर, मी पहिल्या दिवशी घाईने उत्तर दिले ते मागे घेतो. कमाल आवर्तने १०० म्हणजे नेमके काय हे मी वर्गात पाठ करून घेत असे, पण एखादी बेरीज त्यामुळे शंभरपट होईल हे कधी करून पाहिले नव्हते. काल रात्री डिझेलचा तो प्रयोग स्वतः केला. मी वखारीतल्या किती संगणकांवर ही खूण करून दिली आहे याची नोंद माझ्या वहीत आहे, चौदा आहेत. उद्या सकाळपासून एकेक उघडून काढतो, आणि खूण काढल्यावर जेथे जेथे इशारा येईल तेथील सूत्र आधी वाचतो.